फोल्डराच्या पोटातल्या फायलींची यादी: स्क्रिप्ट कशी लिहायची आणि ती न सांगता काय गाळते

डी ड्राइव्ह. त्यात ‘फळपीक विमा’, त्यात ‘2024’, त्यात ‘आंबिया बहार’, त्यात ‘मोर्शी’, त्यात ‘नेरपिंगळाई’, त्यात शेतकऱ्याच्या नावाचा फोल्डर, आणि त्याच्या तळाशी सातबारा, आठ-अ, पासबुकाचं पहिलं पान, बागेचा फोटो. तालुक्याच्या गावातल्या सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीत किंवा शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात असे फोल्डर दर हंगामाला वाढत जातात. मग काउंटरवर कोणी विचारतं, “भाऊ, माह्या बागेचा फोटो चढला का जी?” आणि माउसनं एकेक फोल्डर उघडत बसावं लागतं.

खरं तर सगळ्या फायलींची यादी एका ओळीच्या कमांडनं निघते. अवघड भाग तो नाही. आलेली यादी पूर्ण आहे की नाही हे ओळखणं अवघड, कारण यादी करणारी बहुतेक साधनं जे दिसलं नाही त्याबद्दल एक तर गप्प राहतात, नाही तर कोणी वाचत नाही अशा जागी सांगतात.

एक सोय आधी सांगून ठेवतो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, लहान लिपीतली चालतात. दोन शब्दांमध्ये स्पेस द्यायचा.

संगणक फिरतो कसा

शेतात जाणारी पांदण डोळ्यांसमोर आणा. गावातून निघालात. पहिला फाटा डावीकडे फुटला की त्यात शिरायचं. त्यालाही फाटा असला तर त्यात. शेवटच्या धुऱ्यापर्यंत जायचं, तिथली सगळी वावरं वहीत लिहायची, आणि परत त्या फाट्यावर यायचं जिथून शेवटचं वळलो होतो. मग तिथला पुढचा फाटा. सगळे फाटे संपले की आपण आपोआप गावात परत आलेलो असतो.

स्क्रिप्ट, म्हणजे संगणकानं ओळीनं पाळायच्या लिहून ठेवलेल्या सूचना, हेच करते. ‘हा फोल्डर उघड. आत फाइल असली तर नाव लिही. आत फोल्डर असला तर त्याच्यावर हेच काम पुन्हा कर.’ एखादं काम स्वतःच्याच पोटात स्वतःला बोलावतं, याला संगणकाच्या भाषेत रिकर्शन म्हणतात. किती थर खोल जायचं हे आधी सांगावं लागत नाही. फाटा संपला की ते थांबतं.

या चालण्यात दोन अडचणी येतात. एखाद्या पांदणीवर काट्या टाकून वाट बंद केलेली असते, म्हणजे फोल्डर उघडायची परवानगी नसते. किंवा एखादी पांदण फिरून गावातच परत येते, म्हणजे फोल्डरात त्याच्याच वरच्या फोल्डराकडे नेणारा दुवा असतो. पहिल्या प्रकारात वावरं सुटतात, दुसऱ्यात माणूस गोल गोल फिरत राहतो.

एका ओळीत

विंडोजमध्ये हवा तो फोल्डर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत क्लिक करून ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी त्याच फोल्डरात उघडते. ‘सीडी’ (फोल्डर बदलायची कमांड) करत करत तिथवर पोचायची गरज पडत नाही. आता ही ओळ:

डीआयआर /एस /बी /ए-डी > ..\यादी.टीएक्सटी

‘/एस’ म्हणजे पोटातले सगळे फोल्डर घे. ‘/बी’ म्हणजे तारीख, आकार, मथळा नको, नुसता पूर्ण पत्ता दे. ‘/ए-डी’मधल्या उणे खुणेचा अर्थ ‘फोल्डर वगळ, फायली दे’. मोठेपणाची खूण (>) निकाल पडद्यावर न दाखवता फाइलीत ओतते. यादीच्या फाइलीला वायएडीआय असं इंग्रजी अक्षरांतलंच नाव दिलेलं बरं.

‘..\’ म्हणजे यादी एक पायरी वरच्या फोल्डरात ठेव. हे मुद्दाम आहे. यादी त्याच फोल्डरात ठेवली तर तिचं स्वतःचं नावही यादीत येतं, कारण विंडोज आधी रिकामी यादी-फाइल बनवतं आणि मग मोजायला निघतं. मोजणी एकनं जास्त येते आणि अर्धा तास डोकं खाते. शिवाय एकच मोठेपणाची खूण जुनी यादी पुसून नवी लिहिते. जुनीच्या खाली जोडायची असेल तर खूण दोनदा.

दुसरी गडबड मराठी नावांची. यादी नोटपॅडमध्ये उघडली की ‘नेरपिंगळाई’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. काळी खिडकी अजून जुन्या अक्षरसंचावर चालते आणि त्यात देवनागरी नाही. ओळ चालवण्याआधी ‘सीएचसीपी 65001’ लिहून एंटर दाबा. हा युटीएफ-8 चा, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या सामावणाऱ्या अक्षरपद्धतीचा, क्रमांक आहे. खिडकीत चौकोन दिसले तरी चालतील, कारण ती फाँटची अडचण आहे. फाइलीत अक्षरं बरोबर उतरतात. प्रश्नचिन्हं एकदा फाइलीत गेली की मात्र त्यांतून मूळ नाव परत मिळत नाही. यादी पुन्हा काढावी लागते.

रोज लागणारं काम असेल तर या दोन ओळी नोटपॅडमध्ये लिहून बीएटी शेपटीनं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंब देऊन बीएटी लावून, जतन करा. इथे नवखा हमखास फसतो. नोटपॅड गुपचूप टीएक्सटी ही शेपटी जोडतं, फाइलीचं नाव ‘यादी.बीएटी.टीएक्सटी’ होतं आणि डबल क्लिक केल्यावर स्क्रिप्ट चालायच्या ऐवजी नोटपॅडच उघडतं. जतन करताना खालच्या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ निवडायचं.

लपलेलं आणि बंद असलेलं

‘/ए-डी’चा आणखी एक उपयोग आहे. ‘/ए’ न देता कमांड चालवली तर लपवलेल्या आणि सिस्टिमच्या फायली यादीत येत नाहीत. गावाकडे याला महत्त्व आहे, कारण पेनड्राइव्ह या झेरॉक्सच्या दुकानातून त्या शाळेत आणि तिथून पंचायतीत फिरत असतो आणि शॉर्टकट व्हायरस त्याच वाटेनं फिरतो. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. अशा पेनड्राइव्हची साधी यादी काढली तर शेकडो फोटोंच्या जागी एलएनके शेपटीच्या चार फायली येतात, आणि ‘डेटा उडाला’ म्हणून लोक पेनड्राइव्ह फॉरमॅट करून मोकळे होतात. डेटा तिथेच असतो. त्या शॉर्टकटांवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरस फिरवा, मग ही ओळ द्या (पेनड्राइव्ह ‘ई’ असेल तर):

एटीटीआरआयबी -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*

एच म्हणजे लपवलेलं, आर म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, एस म्हणजे सिस्टिमचं. तिन्ही शिक्के पुसले जातात. त्यानंतर यादी काढा.

बंद फोल्डरांचं वेगळं आहे. प्रत्येक ड्राइव्हवर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर असतो, तो साध्या वापरकर्त्याला उघडत नाही. तो सुटला तर काही बिघडत नाही. पण जुन्या संगणकाची हार्ड डिस्क काढून नव्याला जोडली की आधीच्या माणसाच्या खात्यातले फोल्डरही असेच बंद निघतात, आणि नेमका तिथेच कामाचा माल असतो.

पत्ता लांबला की

विंडोजमध्ये फाइलीचा पूर्ण पत्ता, ड्राइव्हच्या अक्षरापासून शेपटीपर्यंत, जुन्या नियमानं 260 अक्षरांच्या आत बसावा लागतो. ऐकायला भरपूर वाटतं. पण ही मोजणी आपल्या डोळ्यांची नाही. ‘मोर्शी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात. संगणक म, ओकार, र, हलन्त, श, ईकार अशी सहा मोजतो. ‘नेरपिंगळाई’ दिसायला सहा, मोजायला दहा. ‘फळपीक विमा आंबिया बहार 2024 अंतिम यादी नवीन’ अशी नावं सात-आठ थर रचली की मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. त्यात झिप फाइल उलगडताना ‘फोटो’च्या आत पुन्हा ‘फोटो’ बनतो तो वेगळाच.

मर्यादा ओलांडली की डीआयआर त्या फोल्डराचं नाव फार लांब असल्याचं सांगून पुढे जाते. हा निरोप खिडकीत येतो, यादीच्या फाइलीत नाही. खिडकी बंद केली की पुरावाही गेला. विंडोज 10 मध्ये 2016 च्या सुधारणेपासून ही मर्यादा उठवण्याची सोय आहे, पण ती आपोआप लागू नसते आणि प्रत्येक प्रोग्राम ती मानतही नाही. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पत्त्याचा पुढचा भाग कापून टाकायचा:

एसयूबीएसटी एक्स: "डी:\फळपीक विमा\2024\आंबिया बहार"

आता एवढा सगळा पत्ता ‘एक्स:’ या दोन अक्षरांत आला. एक्स ड्राइव्हवर जाऊन यादी काढा. काम झालं की ‘एसयूबीएसटी एक्स: /डी’. फायली कुठे हलत नाहीत. हे फक्त टोपणनाव आहे. अवतरणचिन्हं विसरू नका, नाहीतर ‘फळपीक’ आणि ‘विमा’ यांमधल्या स्पेसवर कमांड तुटते.

लिनक्सवर हिशेब उलटा. तिथे नेहमीच्या ईएक्सटी4 डिस्कवर एका नावाला 255 बाइटची मर्यादा, आणि देवनागरीची प्रत्येक खूण 3 बाइट खाते. म्हणजे एका नावात 85 खुणा, बस्स. विंडोजवर चाललेलं लांबलचक मराठी नाव तिथे उतरवताना अडतं ते यामुळे.

आकार आणि तारीखही हवी असेल तर

नुसत्या नावांनी भागत नसेल तर पॉवरशेल घ्या, ही विंडोजमधलीच कमांड लिहायची दुसरी खिडकी. पत्त्याच्या पट्टीत सीएमडीऐवजी ‘पॉवरशेल’ लिहायचं. ओळ अशी:

गेट-चाइल्डआयटम -रिकर्स -फाइल -फोर्स | सिलेक्ट-ऑब्जेक्ट फुलनेम, लेंग्थ, लास्टराइटटाइम | एक्स्पोर्ट-सीएसव्ही ..\यादी.सीएसव्ही -नोटाइपइन्फर्मेशन -एन्कोडिंग युटीएफ8

उभी रेघ म्हणजे पाटाचं पाणी: डावीकडून आलेलं उजवीकडच्या वाफ्यात सोडायचं. पहिला वाफा फायली गोळा करतो, दुसरा त्यातले तीन रकाने निवडतो, तिसरा एक्सेलला उघडेल अशी फाइल बनवतो. ‘-फोर्स’ नसेल तर इथेही लपलेलं सुटतं. एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजसोबत येणारी 5.1 आवृत्ती मराठी अक्षरांची पुन्हा प्रश्नचिन्हं करते. वेगळी बसवलेली 7 वी आवृत्ती असेल तर ‘युटीएफ8बीओएम’ लिहा; त्या शेवटच्या तीन अक्षरांमुळे फाइलीच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण पडते आणि ती पाहूनच एक्सेलला कळतं की आतली अक्षरं कुठल्या पद्धतीची आहेत. ती नसेल तर प्रश्नचिन्हं नाहीत, पण चित्रविचित्र चिन्हांचा चिखल दिसतो. हा चिखल दुरुस्त होतो, प्रश्नचिन्हं होत नाहीत, एवढा फरक लक्षात असू द्या.

ही ओळ खिडकीत लिहिली तर चालते. पीएस1 शेपटीच्या फाइलीत ठेवली तर बहुतेक संगणकांवर ‘स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे’ असा लाल निरोप येतो. बिघाड नाही, सुरुवातीची सुरक्षा आहे. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर’ एकदा दिलं की आपल्या हातानं लिहिलेल्या स्क्रिप्ट चालतात. नेटवरच्या सल्ल्यावरून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करू नये, विशेषतः जिथे लोकांचे कागद ठेवलेले आहेत अशा संगणकावर.

तारखेचा एक घोळ: फाइल कॉपी केली की ‘तयार झाल्याची तारीख’ कॉपीच्या दिवसाची होते, ‘बदलल्याची तारीख’ जुनीच राहते. म्हणून यादीत दुसरी घेतली आहे. फाइल जन्मायच्या आधीच बदललेली दिसली तर संगणकाला वेड लागलेलं नाही, कोणीतरी ती कॉपी केली आहे.

आणि एक्सेलचा घोळ तर आपल्याच वाट्याचा. फाइलीच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून ‘7/12’ या कागदाचं नाव लोक ‘7-12’ ठेवतात. पूर्ण पत्त्यात ते सुरक्षित असतं. पण शेपटी काढून नुसत्या नावाचा रकाना केला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं, सातबाऱ्याचा 12 जुलै नाहीतर 7 डिसेंबर होतो. कागदाचं नाव ‘सातबारा’ असं अक्षरी ठेवलं की हा त्रासच नको. क्रमांकांच्या आधी शून्यही लावा, कारण स्क्रिप्टच्या क्रमवारीत ‘10’ हे ‘2’च्या आधी येतं; ‘02’ आणि ‘10’ मात्र जागेवर राहतात.

पायथनमध्ये, स्वतःच्या अटींवर

‘फक्त फोटो घे, कचरापेटी वगळ, न उघडलेलं वेगळं लिही’ अशा अटी आल्या की पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा बरी. गाभा एवढाच:

इम्पोर्ट ओएस
यादी = []
चुका = []
फॉर जागा, फोल्डर, फायली इन ओएस.वॉक(मूळ, ऑनएरर=चुका.अपेंड):
    फॉर नाव इन फायली:
        यादी.अपेंड(ओएस.पाथ.जॉइन(जागा, नाव))

इम्पोर्ट, फॉर, इन, ओएस, वॉक, ऑनएरर, पाथ, जॉइन, अपेंड हे पायथनचे शब्द, ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे. यादी, चुका, जागा, फायली, नाव ही मात्र आपण ठेवलेली नावं आहेत, आणि पायथन 3 मध्ये ती अगदी अशीच देवनागरीत चालतात. ‘मूळ’च्या जागी फोल्डराचा पत्ता अवतरणात द्या, त्याच्या आधी ‘आर’ अक्षर लावून. ते नसेल तर पायथन उलटा स्लॅश आणि पुढचं अक्षर मिळून भलताच अर्थ लावतो.

‘वॉक’ प्रत्येक फोल्डरात थांबून तीन गोष्टी हातात देतो: मी कुठे आहे, इथे कोणते फोल्डर आहेत, इथे कोणत्या फायली आहेत. रिकर्शन तो स्वतः सांभाळतो. दुव्यांच्या मागे तो आपणहून जात नाही, त्यामुळे गोल फिरणाऱ्या पांदणीत अडकत नाही; ‘फॉलोलिंक्स’ चालू केलं तर अडकू शकतो.

या सगळ्यात मोलाचा तुकडा ‘ऑनएरर’चा आहे. तो दिला नाही तर वॉक न उघडणारे फोल्डर चकार शब्द न काढता ओलांडतो. यादी सुबक येते, स्क्रिप्ट बिनचूक संपते, आणि एक अख्खं गाव गायब असतं. शेवटी ‘चुका’ छापून पाहा. रिकामी असेल तरच यादीवर विसंबायचं.

कचरापेटीसारखा फोल्डर टाळायचा असेल तर बाहेरच्या फॉरच्या खाली, आतल्या फॉरच्या आधी, ‘फोल्डर’ या यादीत ते नाव असेल तर रिमूव्हनं काढा. त्याच यादीतून काढलं पाहिजे. ‘फोल्डर = नवी यादी’ असं लिहिलंत तर वॉकच्या हातात जुनीच राहते आणि तो तिथे जाऊन येतोच.

यादी फाइलीत लिहिताना ओपनमध्ये (पायथनची फाइल उघडायची कमांड) एन्कोडिंग ‘युटीएफ-8-एसआयजी’ द्या. वर सांगितलेली अदृश्य खूण तीच टाकते.

पेनड्राइव्हवरची प्रत तपासायची असेल तर

यादीचा खरा पैसा वसूल होतो तो इथे. मूळ फोल्डर आणि पेनड्राइव्हवरची प्रत, दोन्हींच्या पॉवरशेल याद्या जुळवायच्या. एकीतला पत्ता ‘डी:’ पासून सुरू होतो, दुसरीतला ‘ई:’ पासून, त्यामुळे सरळ जुळवल्या तर प्रत्येक ओळ वेगळी दिसते. आधी मूळ फोल्डराला ‘एक्स:’ हे टोपणनाव द्या, पॉवरशेलची खिडकी नव्यानं उघडून एक्सवर जा आणि यादी काढा. टोपणनाव पुसा, तेच पेनड्राइव्हवरच्या फोल्डराला द्या, पुन्हा तसंच करा. एक्सच्या वर पायरी नसते, म्हणून इथे ‘..\’ चालणार नाही. याद्या डेस्कटॉपवर ‘एक.सीएसव्ही’ आणि ‘दोन.सीएसव्ही’ म्हणून ठेवा आणि खिडकी डेस्कटॉपवर नेऊन लिहा:

कंपेअर-ऑब्जेक्ट (इम्पोर्ट-सीएसव्ही एक.सीएसव्ही) (इम्पोर्ट-सीएसव्ही दोन.सीएसव्ही) -प्रॉपर्टी फुलनेम, लेंग्थ

डावीकडचा बाण असलेली ओळ फक्त मुळात आहे, उजवीकडचा असलेली फक्त पेनड्राइव्हवर. एकच नाव दोन्ही बाणांनी आलं तर फाइल दोन्हीकडे आहे पण आकार वेगळा. काहीच आलं नाही तर नावं आणि आकार जुळले. कॉपी चालू असताना लाइन गेली असेल किंवा पेनड्राइव्ह ओढून काढला असेल, तर आकार जुळूनही आतला मजकूर बिघडलेला असू शकतो. तेवढ्या फायलींवर दोन्हीकडे ‘गेट-फाइलहॅश’ चालवा: 64 अक्षरांचा ठसा मिळतो, आणि तो जुळला नाही तर ती फाइल पुन्हा कॉपी करायची. यादीच्या फाइलीत शेतकऱ्यांची नावं असतात, आणि फायलींना आधार क्रमांकाचं नाव द्यायची सवय असेल तर तेही. म्हणून तपासणी झाली की ती व्हॉट्सअॅपच्या गटावर न टाकता त्याच संगणकावर ठेवा.